कामाच्या कपड्यावरील नाव : भरतकाम की छपाई?

कामगारांच्या सदऱ्यांवर कारखान्याचे नाव घालावयाचे ठरले, म्हणजे पहिला प्रश्न येतो तो हा की, ते दोऱ्याने भरावे की रंगाने छापावे? बहुधा मालकाच्या टेबलावर दोन नमुने ठेवले जातात आणि जो डोळ्यांत भरेल तो पसंत होतो. आम्हांस वाटते, हा निकाल कपडा अंगावर घालून आणि धुऊन पाहिल्यावर व्हावा.

प्रथम खर्च पाहू. यंत्रावरील भरतकामाचा दर टाक्यांच्या संख्येवर ठरतो. चिन्ह मोठे झाले की खर्च वाढतो. रंग वाढल्याने फारसा बिघडत नाही. जाळीच्या छपाईचे उलट आहे. तेथे प्रत्येक रंगास निराळी चौकट लागते. हा खर्च दहा सदऱ्यांना जड जातो. पाचशेंत तो जाणवतही नाही.

आता टिकाऊपणा. जाड ड्रिलच्या खिशावर भरलेले नाव बहुधा कपड्याइतकेच टिकते. दोरा मात्र पॉलिएस्टरचा घ्यावा; रेयॉनला झळाळी अधिक, पण ब्लीचपुढे त्याचा निभाव लागत नाही. पातळ बनियनी कापडावर दाट टाके घातले की कापड चुणते. तेथे छपाईच बरी. बारीक अक्षरेही दोऱ्यात बुजतात, आणि आपल्या देवनागरीत तर अनुस्वार व रफार आधी जातात. नेहमीच्या प्लॅस्टिसॉल शाईला सुमारे १६० अंश सेल्सिअस उष्णता मिळावी लागते. ती कमी पडली, तर थोड्याच धुण्यांत नाव तडकते.

शेवटी, कपडा घालणाऱ्याचा विचार. भरतकामामागचे अस्तर उघड्या छातीला टोचते. पाठभर छापलेल्या चिन्हातून वारा जात नाही, घाम मात्र साचतो. रेनकोटवर टाके घातले, तर सुईच्या भोकांतून पाणी आत येते. भट्टीपाशी वा वेल्डिंगवर काम करणाऱ्याच्या अग्निरोधक पोशाखावर साधा पॉलिएस्टर दोरा किंवा साधी शाई वितळून अंगाला अपाय करील. तेथे दोराही अग्निरोधकच हवा.

म्हणून पाचशेंची मागणी देण्यापूर्वी दोन्ही प्रकारांचे एकेक सदरे करावेत, ते कामगारास महिनाभर वापरावयास द्यावेत आणि मग त्यालाच विचारावे. नाव कारखान्याचे असले, तरी आठ तास ते त्याच्या अंगावर असते.