पांढरीत मणी सापडतात, ब्रोच का नाही?

इंग्लंडमध्ये नांगरलेल्या शेतातून मेटल डिटेक्टर फिरवणाऱ्या हौशी लोकांना नाण्यांबरोबर जे वारंवार मिळते, ते म्हणजे ब्रोच. रोमन काळातल्या या टोचणीला पुरातत्त्वज्ञ फिब्युला म्हणतात. एकच तार, तिला वेटोळे देऊन केलेली स्प्रिंग आणि टोक अडकवायला खोबण, एवढीच तिची मूळ रचना. वॉल्टर हंट या अमेरिकन माणसाने १८४९ मध्ये जिचे पेटंट घेतले, ती आपली सेफ्टी पिन याच तत्त्वावर चालते. ग्रीसमधल्या मायसीनी लोकांना ही युक्ती त्याच्या तीन हजार वर्षे आधी साधली होती. फिब्युलाची घडण पिढीगणिक बदलत गेली, म्हणून थरात ती सापडली की त्या थराचा काळ बऱ्यापैकी नेमका सांगता येतो.

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या पांढरीवर तेच यंत्र फिरवले, तर? पांढर म्हणजे जुन्या वस्तीची राखट, भुसभुशीत माती. धाब्याच्या घरांवर घालायला मराठवाड्यात ती पिढ्यानुपिढ्या खणून नेली गेली. तिच्यातून खापरे, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, क्वचित सातवाहनांची नाणी निघतात. ब्रोचची वाट मात्र कोणी पाहू नये. याचे कारण कारागिरीत शोधण्याची गरज नाही, ते कपड्यात आहे.

भूमध्य समुद्राकाठचा आणि त्याच्या उत्तरेचा माणूस लोकरीचे जड वस्त्र खांद्यावरून घेई आणि ते घसरू नये म्हणून टोची. आपल्याकडे वस्त्र नेसायचे: निऱ्या, काष्टा, खोचलेला पदर, कमरेची गाठ. थंडी-पावसात धनगराची घोंगडी होती, पण तिची खोळ करून डोक्यावर घेतली की टोचणीचे काम उरत नाही. धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिराच्या बाह्यभिंतीवर चालुक्यकालीन सुरसुंदरी आहेत. त्यांच्या गळ्यात हार, कानात कुंडले, कमरेला मेखला. पण वस्त्र खांद्याशी अडकवून धरणारा दागिना त्यांना लागत नाही. उलट अफगाणिस्तानात तिल्या तेपे येथे १९७८ साली उघडलेल्या थडग्यांत वस्त्र अडकवायच्या सोन्याच्या जोडकड्या निघाल्या. तो घोड्यावर बसणाऱ्या, अंगावर झगे घेणाऱ्या लोकांचा मुलूख.

खरी गंमत पुढे आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर अशी दख्खनची दोन मोठी बाजारपेठांची गावे येतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. तगराचा माल म्हणून त्या ग्रंथात प्रामुख्याने कापड येते, साधे आणि तलमही. ते गाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून जहाजात चढे. नकाशावर पैठण ते तेर सरळ रेघ ओढा. ती जवळजवळ बीड शहरावरूनच जाते. जुना मार्ग तसाच सरळ असेल असे नाही, पण या दोन पेठांमधली वाहतूक याच मुलखातून जाणार. म्हणजे ज्यांना टोचणी लागत नव्हती, त्यांचे कापड टोचणी वापरणाऱ्यांच्या बाजारात जात होते.

परतीच्या वाटेने रोमन नाणीही आली. तेरच्या लोकांनी त्यांच्या मातीच्या प्रतिकृती केल्या, वर कडी ठेवली आणि त्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातल्या. परका राजमुखवटा आवडला, पण घालायची रीत आपलीच राहिली. तेरचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या अशा हजारो वस्तू आज तिथल्या सरकारी संग्रहालयात आहेत. एका माणसाच्या नादातून जिल्ह्याच्या इतिहासाचा एवढा ऐवज वाचावा, हे मला कोणत्याही सोन्याच्या हंड्यापेक्षा मोठे वाटते.

हंड्याचे वेड मात्र सुटत नाही. गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहेत. मांत्रिकाच्या जागी यंत्र आले, तरी खड्डा खणून वस्तू उचलली की ती कोणत्या थरात, कशाशेजारी होती हे कायमचे जाते. ब्रिटनने यावर वेगळी तोड काढली. १९९६ च्या कायद्यानंतर, १९९७ पासून, इंग्लंड-वेल्समध्ये हौशी शोधकांकडून सापडल्या जागेसह नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. त्यांची संख्या पंधरा लाखांपुढे गेली आहे. त्यातले किती ब्रोच नुसते खिशात गेले असते, कोण जाणे.

आपल्याकडे अजून १८७८ चा निखात निधी कायदा चालतो. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दावेदार कोणी निघाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा, उरलेला जमीनमालकाचा. सरकारला ऐवज हवा असल्यास किमतीवर आणखी एक पंचमांश मोजावा लागतो. ही तरतूद गावोगाव कळली, तर निम्मी लपवाछपवी थांबेल असे मला वाटते. आणि विहीर खणताना नाणे लागलेच, तर ते चिंच लावून घासू नये: तांब्यावरचा हिरवा थर जातो, त्याबरोबर बऱ्याचदा राजाच्या नावाची अक्षरेही.