कायदा शेतातही चालतो

2016 साली आपल्याच जिल्ह्यात कोपर्डीला शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. राज्यभर मोर्चे निघाले, पुढल्या वर्षी कोर्टानं तिघांना फाशी सुनावली. तो राग रास्तच होता. पण आपल्या बेलापूरच्या शिवारात खुरपणीला गेलेल्या बाईशी मालक किंवा मुकादम घाणेरडं बोलला, मुद्दाम अंगाला खेटला, तर मोर्चा निघत नाही. ती दुसऱ्या दिवसापासून कामाला जायचं बंद करते. रोज तिचाच बुडतो!

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होऊ नये म्हणून 2013 साली कायदा झाला. तो ऑफिसातल्या बायकांपुरता नाही. त्याचं मूळच खेड्यात आहे. राजस्थानातल्या भंवरीदेवी सरकारी योजनेत काम करायच्या. बालविवाह रोखायचा प्रयत्न केला म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतरच्या याचिकेवर 1997 मध्ये सुप्रीम कोर्टानं विशाखा नियम घालून दिले, आणि त्यातून हा कायदा आला.

शेतमजूर, घरकाम करणारी, किंवा मालकच त्रास देतो अशी कोणतीही बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. त्यासाठी नगरला खेटे घालायला नकोत. तालुक्याला नेमलेल्या नोडल अधिकाऱ्यानं तक्रार सात दिवसांत पुढे पाठवायची असते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीचं काम आहे. मुदत मात्र तीन महिन्यांची. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. ऊसतोडीच्या टोळीतल्या बायकांना हे आधीच सांगा, हंगाम सरला की त्या गावी परततात.

श्रीरामपूरचे नोडल अधिकारी कोण, हे पंचायत समितीत विचारून गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.