पट्टीतून सुटलेला कपॅसिटर

सगळ्यांसाठी खुली असलेली इलेक्ट्रॉनिक्सची कार्यशाळा खेड्यात चालते कशी, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा पहिलं नाव सुचलं ते पाबळचं. शिरूर तालुक्यातलं हे गाव आमच्या रेणापूरसारखंच पावसाच्या भरवशावर जगणारं. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून तिथं गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांनी वेल्डिंग, शेती, वायरिंग, स्वयंपाक अशी गावाच्या उपयोगाची कामं करत शिकायचं, हा तिथला शिरस्ता. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शनफेल्ड यांच्या साथीनं तिथं फॅब लॅब, म्हणजे संगणकावर आखून वस्तू बनवायची खुली कार्यशाळा, उभी राहिली. एमआयटीबाहेर निघालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक.

फॅब लॅब म्हटलं की फोटो छापून येतो तो लेझर कटरचा. मला मात्र ओढ आहे ती भिंतीलगतच्या सुट्या भागांच्या कपाटाची. जगभरच्या फॅब लॅबनी यंत्रांची आणि सुट्या भागांची एक सामाईक यादी ठरवून घेतली आहे. तेच भाग, तेच आकार. त्यामुळं एका लॅबमध्ये आखलेलं सर्किट दुसऱ्या देशातल्या लॅबमध्ये काहीही न बदलता बनवता येतं. दूरदेशी आखलेलं सर्किट पाबळच्या पोरानं बनवायचं, तर तो भाग कपाटात असायला हवा, आणि आहे हे त्या पोराला कुणाला न विचारता कळायला हवं. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे.

आमच्याकडे मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात मी बराच वेळ बसतो. सिंगल फेज प्रिव्हेंटरचं जळकं कार्ड समोर आलं की त्याचा हात न बघता मागच्या फळीवर जातो आणि नेमका रिले घेऊन येतो. एकाही डबीवर लेबल नाही. त्या हाताचं मला मनापासून कौतुक आहे. पण तो लग्नाला बाहेरगावी गेला की मुलगा गिऱ्हाइकाला उद्या या म्हणतो. एकट्याच्या दुकानात हे चालून जातं. जिथं रोज नवं पोर येणार, तिथं कुठल्या डबीत काय आहे हे डबीवरच लिहिलेलं पाहिजे.

सगळ्यात हट्टी प्रकार म्हणजे सिरॅमिक कपॅसिटर. फॅब लॅबमध्ये १२०६ या मापाचे भाग वापरतात, ३.२ मिलिमीटर लांब, १.६ रुंद, म्हणजे साधारण तिळाएवढे. याहून बारीक भाग हातानं डाग देऊन बसवणं नवशिक्याला अवघड जातं. या मापाच्या रेझिस्टरवर निदान आकडा असतो: १०३ म्हणजे दहावर तीन शून्यं, दहा हजार ओहम. कपॅसिटरवर बहुधा काहीच नसतं. ०.१ मायक्रोफॅरड आणि १ मायक्रोफॅरड शेजारीशेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. त्यांची ओळख असते ती ज्या रिळावरून आले त्या रिळाच्या लेबलावर. रिळातून कागदी पट्टी कापली की लेबल मागं राहतं, आणि पट्टीवरची पातळ फिल्म सोलून कपॅसिटर टेबलावर पडला की तो अनोळखी झाला. मीटर लावून क्षमता मोजता येते. पण तो किती व्होल्ट सोसेल हे त्या मीटरवर कळत नाही. असा सुटलेला कपॅसिटर परत डबीत टाकू नये. टाकला, तर ती अख्खी डबी संशयात जाते.

म्हणून पट्टी कापतानाच तिच्यावर पेनानं व्हॅल्यू आणि व्होल्ट लिहायचे, आणि लागतील तेवढेच भाग सोलायचे. शून्य ओहमच्या रेझिस्टरलाही अशीच स्वतःची डबी हवी. नवं पोर त्याला निकामी समजून फेकून देतं. पण एकाच बाजूला तांबं असलेल्या बोर्डवर एक वाट दुसरीवरून न्यायची तर पूल म्हणून तोच लागतो.

इथवर शिस्त लावता येते. अडचणी पुढं आहेत. प्रत्येक कपाटात 'इतर' नावाची डबी असतेच आणि ती फुगत जाते, कारण दमलेल्या माणसाला उरलेला माल वर्गवारीनं लावण्यापेक्षा तिच्यात टाकणं सोपं पडतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नुसते पडून खराब होतात. पत्र्याखालच्या आपल्या उन्हाळ्यात आणखी लवकर. २०२१ च्या सुमारास जगभर चिपांचा तुटवडा पडला तेव्हा नेहमीचे मायक्रोकंट्रोलर मिळेनासे झाले, आणि यादीतला एक भाग बदलला की त्याच्यामागं सर्किटही बदलावं लागतं. मोजदाद तर कुणालाच नको असते. रेझिस्टर मोजत बसण्यापेक्षा दोन डब्यांची रीत बरी: पुढची डबी संपली की मागची पुढं घ्यायची आणि मागणीच्या वहीत नोंद करायची.

मला खरी काळजी वाटते ती शाळांची. २०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत शाळांना अशा प्रयोगशाळेसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळू लागलं. १० लाख उभारणीला, १० लाख पाच वर्षं चालवायला. पण माल एकदा डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे कायम मालाच्या नोंदवहीत, चढला की शिक्षकाला धास्ती बसते: तपासणीला एलईडी कमी भरले तर जबाबदार कोण? मग किटचं सील शाबूत राहतं, कपाटाला कुलूप राहतं, आणि मुलं ती किट काचेतून बघतात. जळालेला एलईडी म्हणजे एका मुलानं करून पाहिलेला प्रयोग असतो, आणि तो नुकसान म्हणून लिहायला लावणारी वही मला मंजूर नाही.

रेणापुरात अशी कार्यशाळा निघाली, तर मोठ्या यंत्राआधी झाकणाच्या डब्या, लेबलं आणि कपॅसिटर मोजणारं एक मीटर घ्यावं. आणि रेझिस्टर, कपॅसिटर, एलईडी हा खर्ची माल धरायचा, हे हिशेब तपासणाऱ्यांकडून पहिल्याच महिन्यात लेखी घेऊन ठेवावं.