द्राक्षं नाशिकची, मोह आपला!

मित्रांनो, ट्रेनिंगला नेहमीचा प्रश्न: "सर, चंद्रपुरात द्राक्षं लावून वाइन काढू का?"

थांबा भाऊ! नाशिकला ऑक्टोबरच्या छाटणीनंतर थंड, कोरड्या हवेत माल पिकतो. आपल्याकडे पाऊस जास्त, हवा दमट. वेलीवर डाऊनी आला की फवारणीतच भांडवल जातं. त्यात गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. चंद्रपुरात २०१५ ला लागली, २०२१ ला उठली. अशा भरवशावर कर्ज काढता का?

त्यापेक्षा मोहफुलं बघा. मार्च-एप्रिलमध्ये पडतात, ना लागवड, ना फवारणी. ग्रामसभेशी बोला. झाडाखाली जाळी बांधा, माती लागू देऊ नका, नीट वाळवा. लाडू, सरबत, जॅम करा. एफएसएसएआय नोंदणी घ्या. आधी दहा किलोचा माल विकून दाखवा, मगच मशीन घ्या.