डुमसची संध्याकाळ

आम्हां बडोदेकरांना १८७९ ची कमाटी बाग दाराशी; सुरतेच्या लिंबायतकरांना गार वाऱ्यासाठी विसेक किलोमीटर डुमसला जावे लागते. येथे खानदेशी कुटुंबे पुष्कळ, कित्येकांचा संसार मागावर. परवा सुटीला अशाच एका बिऱ्हाडाबरोबर गेलो. काळी वाळू, टोमॅटोची गरम भजी, आणि यजमानांचे ओरडून बोलणे! मुलगी म्हणाली, "बाबा, हळू. इथं माग नाहीत." ते ओशाळून हसले. लाटांचा बारीक आवाज त्यांना येईना, हे माझ्यातल्या संगीतशिक्षकाच्या ध्यानी आले. बोललो मात्र नाही. आजीबाई उत्तरेकडे पाहत होत्या. भुसावळकडची तापी तिकडेच समुद्राला मिळते. "ती आपल्याआधीच आली इथं," म्हणाल्या आणि भज्यांचा पुडा नातीकडे सरकवला.