दलाल नेमका कोणाचा?

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावात जमिनीचा व्यवहार बहुधा पारावर किंवा हॉटेलातल्या बाकावर ठरतो. कचेरी नाही, पाटी नाही, नोंदवही नाही, असा एक गृहस्थ विकणाऱ्याला ओळखत असतो आणि घेणाराही त्याच्या माहितीतला असतो. शेकडा एक-दोन रुपये दलाली तोंडीच ठरते, इसारपावतीवर सह्या होतात. विचारला जात नाही तो एकच प्रश्न : हा मध्यस्थ नेमका कोणाचा?

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. विकणाऱ्याला भाव चढा हवा, घेणाऱ्याला उतरता. वादी आणि प्रतिवादी यांचे वकीलपत्र एकच वकील घेत नाही. जमिनीच्या दलालाला मात्र दोन्हीकडून दलाली घेण्यात काही वावगे वाटत नाही. समजा, शेतकऱ्याला त्याने एकरी दहा लाख सांगितले आणि घेणाऱ्याला अकरा. मधले एक लाख कोणाचे? गावात याला हुशारी म्हणतात. कायदा तसे म्हणत नाही.

भारतीय करार कायद्याने १८७२ सालीच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. ज्याच्यासाठी काम पत्करले त्याला न कळविता प्रतिनिधीने त्याच कामात स्वतःचा व्यवहार साधला, तर त्यातून झालेला फायदा मागण्याचा हक्क मूळ मालकाला आहे. महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपविली असेल, तर तो व्यवहारच नाकारू शकतो. त्याच कायद्याचे आणखी एक तत्त्व आहे, आणि ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मालकाचे काम करीत असताना प्रतिनिधीला जे कळले, ते मालकालाही कळले असे धरले जाते. म्हणजे जमिनीवरचा बोजा दलालाला ठाऊक होता आणि दलाल घेणाऱ्याचा ठरला, तर ‘मला माहीत नव्हते’ ही घेणाऱ्याची तक्रार लंगडी पडते.

शहरांसाठी २०१६ चा स्थावर संपदा कायदा आला. प्रकल्पातील सदनिका वा भूखंड विकून देणाऱ्या दलालाला नोंदणी सक्तीची झाली. प्रत्येक विक्रीत नोंदणी क्रमांक देणे, हिशेब ठेवणे, ग्राहकाला कागदपत्रे मिळवून देणे ही त्याची कर्तव्ये ठरली. महाराष्ट्राने पुढे प्रशिक्षण व परीक्षेचीही अट घातली. परंतु या कायद्यातील दलालाची व्याख्या प्रकल्पापुरती आहे. दोन एकर शेताचा सौदा जुळविणारा मध्यस्थ तिच्यात येत नाही, आणि ग्रामीण भागातले बहुसंख्य सौदे तर याच जातीचे.

मराठवाड्यात ही उणीव अधिक बोचते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. येथील कितीतरी जुने महसुली कागद उर्दूत आहेत. इनाम आणि कुळाचे प्रश्न अनेक जमिनींना अजून चिकटलेले आहेत. भोगवटादार वर्ग दोनची जमीन परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही, हे सातबारा वाचू शकणाऱ्यालाही पुष्कळदा उमगत नाही. ऊसतोडीची उचल फेडून उरलेले, किंवा शिक्षकाने निवृत्तीनंतर हाती आलेले पैसे जमिनीत घालताना सारी भिस्त मध्यस्थाच्या शब्दावर असते.

यावर उपाय अवघड नाही. दलाल कोणाचा, दलाली कोण आणि किती देणार, जमिनीत त्याचा किंवा त्याच्या नातलगांचा हितसंबंध आहे काय, या तीन गोष्टी इसारपावतीतच लिहून घ्याव्यात. ग्रामसभेने आणि गावातील शिकलेल्यांनी हा पायंडा पाडावा. सरळ मध्यस्थाला यात भिण्यासारखे काही नाही. या तीन ओळी लिहून द्यायला जो कचरेल, त्याच्या हाती इसार देण्यापूर्वी शहाण्याने थांबलेले बरे.