स्पोर्ट्स कारचे घराणे आणि शेंद्र्याची भावकी

छत्रपती संभाजीनगरजवळ, जालना रस्त्यावरील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाच्या कारखान्यात २००७ पासून ऑडीच्या मोटारींची जुळणी होत आली असून, तेथे जुळवल्या गेलेल्या मोटारींत क्यू७ ही मोठी एसयूव्हीही आहे. या क्यू७ची भावकी मोठी आहे. कारण ती ज्या ‘प्लॅटफॉर्म’वर उभी आहे, म्हणजे तळाचा सांगाडा, चाकांची टांगणी आणि इंजिन बसवण्याची रचना यांचा जो सामायिक आराखडा तिला लाभला आहे, त्याच आराखड्यावर पोर्शेची केयेन, बेंटलीची बेंटायगा आणि लॅम्बोर्गिनीची उरुस या मोटारीही बेतलेल्या आहेत. ही सारी नावे फोक्सवॅगन समूहातली आहेत. स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या कंपनीने आलिशान, उंच, पाच माणसांच्या मोटारी बनवाव्यात का, हा जो वाद जगभरच्या मोटारशौकिनांत दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे, त्यातील मुख्य आरोपी असलेल्या केयेनचे चुलत घराणे असे मराठवाड्यात नांदते आहे.

वादाचे मूळ समजण्यासाठी पोर्शे म्हणजे काय हे आधी पाहावे लागते. या कंपनीने १९४८ मध्ये ३५६ ही आपल्या नावाची पहिली मोटार बनवली आणि १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९११ लोकांपुढे ठेवली. ९११चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते. त्याचे सहा सिलिंडर उभे नसून तीन-तीनच्या दोन रांगांत, एकमेकांच्या विरुद्ध दिशांना आडवे असतात, आणि सुरुवातीची तीसहून अधिक वर्षे ते पाण्याऐवजी हवेने थंड केले जाई. वजन मागे असल्याने वेग घेताना मागची चाके रस्ता घट्ट धरतात, परंतु वळणावर चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला, की तेच वजन मोटारीचे शेपूट बाहेर फेकू पाहते. ही खोड काबूत आणणे हेच कौशल्य, अशी समजूत असलेला एक निष्ठावान वर्ग त्यातून तयार झाला, आणि असा वर्ग कोणताही बदल सहजी मान्य करत नाही.

केयेनच्या आधीही या वर्गाने बदल सहजी मान्य केले नव्हते. पुढच्या बाजूला आठ सिलिंडरचे इंजिन असलेली, लांबच्या प्रवासाला सुखकर अशी ९२८ ही मोटार १९७७ मध्ये आली, तेव्हा ती कालांतराने ९११ची जागा घेईल असा कंपनीचा विचार होता. प्रत्यक्षात १९९५ मध्ये ९२८च बंद झाली आणि ९११ राहिली. १९९७ मध्ये ९११चे इंजिन पाण्याने थंड होऊ लागले, तेव्हाही ‘आता ही खरी पोर्शे नव्हे’ अशी ओरड झाली. आज ती ओरड जवळपास कोणाच्या लक्षातही नाही.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी पोर्शेची विक्री कोसळली होती. वेंडेलिन वीडेकिंग यांच्या हाती कारभार आल्यावर कंपनीने जपानी तज्ज्ञांकडून उत्पादनातील उधळपट्टी कमी करण्याचे धडे घेतले, १९९६ मध्ये तुलनेने स्वस्त अशी बॉक्स्टर आणली, आणि २००२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात केयेन उभी केली. त्यानंतर २००९ मध्ये चार दारांची पॅनामेरा आणि २०१४ मध्ये लहान एसयूव्ही मॅकान आली. विरोधकांचे म्हणणे असे, की दोन टनांहून जड, उंच गाडीवर तेच बोधचिन्ह लावणे ही स्वतःच्या पुण्याईची विक्री आहे. समर्थकांचे उत्तर आकड्यांत आहे. २०२४ मध्ये पोर्शेने ३,१०,७१८ मोटारी ग्राहकांना दिल्या. त्यांत केयेन १,०२,८८९ आणि मॅकान ८२,७९५ होत्या, म्हणजे दर पाच मोटारींतील जवळजवळ तीन एसयूव्ही होत्या. ९११ची संख्या ५०,९४१ होती. केयेन येण्यापूर्वी संपूर्ण कंपनीचीच वार्षिक विक्री ५४ हजारांच्या आसपास होती, हे ध्यानात घेतले तर केयेनने ९११ला मारले हा आरोप टिकत नाही. तिने ९११चे घर चालवले, असेच म्हणावे लागेल. लॅम्बोर्गिनीतही २०२४ची निम्म्याहून अधिक विक्री उरुसची होती. फेरारीने मात्र २०२२ मध्ये पुरोसांग्वे ही चार दारांची मोटार आणताना तिचे प्रमाण एकूण उत्पादनाच्या २० टक्क्यांपुढे जाऊ न देण्याची मर्यादा स्वतःवर घालून घेतली.

तरीही शौकिनांची तक्रार निव्वळ हळवेपणा नव्हती. २०१३ मध्ये शर्यतीच्या वळणाची ९११ जीटी३ केवळ स्वयंचलित गिअरबॉक्ससह आली, तेव्हा हाताने गिअर बदलण्याचा आनंद हिरावला गेला म्हणून नाराजी उसळली; २०१६ मध्ये कंपनीने हाताच्या गिअरची ९११ आर अवघ्या ९९१ संख्येत काढली, आणि पुढच्याच वर्षी जीटी३मध्येही तो पर्याय परत आणला. एसयूव्हीच्या नफ्यावर उभ्या असलेल्या कंपनीलाच असे हट्ट पुरवणे परवडते, हा यातला विनोद दोन्ही पक्षांच्या ध्यानात क्वचितच येतो.

आलिशान मोटारीचा ग्राहक वेगळ्या कारणांनी मोटार घेतो, आणि ते समजून घेण्यास शेंद्र्याजवळचे छत्रपती संभाजीनगर हेच शहर सोयीचे आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक, व्यावसायिक आणि डॉक्टरांच्या गटाने एकाच दिवशी सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज-बेंझ मोटारी घेतल्या, आणि शहराचे नाव देशभर झाले. त्या खरेदीत वळणावरच्या कौशल्याचा प्रश्न नव्हता; ऐपत, प्रतिष्ठा, कुटुंबाची सोय आणि एकत्र खरेदीतून मिळणारी सवलत यांचा होता. गतिरोधकावर पोट घासणारी बुटकी स्पोर्ट्स कार अशा ग्राहकाला नकोच असते.

मात्र असा ग्राहक जितक्या सहज येतो, तितक्याच सहज निघूनही जातो, आणि शौकिनांनी केयेनच्या उंचीऐवजी या गोष्टीवर बोट ठेवले असते तर त्यांचा पक्ष अधिक भक्कम झाला असता. चीनमध्ये पोर्शेने २०२१ मध्ये ९५,६७१ मोटारी दिल्या होत्या. तेथील श्रीमंत ग्राहक देशी विजेच्या मोटारींकडे वळू लागल्यावर २०२४ मध्ये हा आकडा ५६,८८७ वर आला. त्याच २०२४ मध्ये जगभरातील ९११ची विक्री मात्र सुमारे दोन टक्क्यांनी वाढली.